लेकुरवाळी मरळ

मी कंपनीत क्वालिटीला आहे. जे मोजता येत नाही ते मी पास करत नाही, त्यामुळे भूत, भानामती, चकवा... सगळं माझ्याकडे रिजेक्ट. तरी हे लिहितोय, कारण वर्ष होत आलं आणि डोक्यातून जात नाही.

आधी दत्ताविषयी सांगतो. आमच्याच कंपनीतला ऑपरेटर, राहायला बजाजनगरला, घरी पिढीजात शेळ्यामेंढ्या. हवा भरायची दोन सीटची कयाक, म्हणजे छोटी होडी, मी घेतली, मासे धरायचा भारीतला रॉड मी घेतला, आणि मरळ मात्र दर वेळी मागच्या सीटवरच्या दत्ताला! मरळ म्हणजे सापासारखं डोकं, बुळबुळीत अंग, आणि कयाकमध्ये घेतली की नुसतं थैमान. दत्ता ओला पंचा तिच्या डोळ्यांवर टाकायचा आणि शेळीला चुचकारावं तसं म्हणायचा, "उगी, उगी गं बाई." की ती गप्प! गारखेड्याला घरी पोचलो की आमची बायको विचारणार, "दत्ताभावजींना किती लागल्या?" जळायचो मी. सरळ सांगतो, आतून जळायचो.

गेल्या आषाढात सिल्लोडकडे, त्याच्या गावच्या तलावात, एक भलीमोठी मरळ दिसली. वर लालसर पिल्लांचा घोळका, खाली ती राखणीला. मी रॉड उचलला तर दत्तानं हात धरला.

"नाय भाऊ. लेकुरवाळी हाय ती. व्यालेल्या शेळीला कुनी बाजार दावतं का?"

मला वाटलं, ढोंगी लेकाचा! उद्या एकटा येऊन हाच धरणार.

म्हणून पुढच्या रविवारी, त्याची फर्स्ट शिफ्ट आहे हे बघून, मीच एकटा गेलो. सकाळचे साडेनऊ, लख्ख ऊन. पिल्लं तिथंच होती. गळाला लावलेला रबरी बेडूक टाकला आणि दुसऱ्याच फेकीला ती लागली... माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी! पंचा टाकला, "उगी उगी" म्हणालो, पण शेपटीचे फटके काही थांबेनात. कयाक डुलत होती, तरी मी गळ काढत नव्हतो. आधी फोटो हवा होता — दत्ताला दाखवायला.

तेवढ्यात कयाक मागून दबली. कुणी बसल्यावर दबते ना, तशीच. पुढचं टोक वर आलं. आणि अगदी कानापाशी —

"उगी. उगी गं बाई."

मरळ जागच्या जागी शांत झाली.

"भाऊ, सोडा तिला आधी."

मी वळून पाहिलं. सीट रिकामी. पण कयाक अजून मागं दबलेलीच! कसाबसा गळ काढला आणि तिला पाण्यात सोडलं. ती सरळ पिल्लांखाली गेली. मग कयाक हळूच सपाट झाली.

सोमवारी कॅन्टीनमध्ये दत्ताला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल कसा गेला रविवार?"

"कसा जानार? मशीनवरच व्हतो. पन भाऊ, लई इचित्र झालं... दहाच्या चहाला सगळे म्हनाले, मासे धरून आला का? हाताला असा वास! चारदा साबन लावला, जाईना."

त्याची हजेरी मी स्वतः तपासली. पूर्ण शिफ्ट भरलेली.

त्याला अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर "व्हय का?" म्हणेल आणि चहा पीत बसेल. खरं सांगू, भीती केव्हाच गेली. राग तेवढा जात नाही. आयुष्यात एकदाच माझ्या बाबतीत काही अघटित घडलं — कयाक माझी, गळ माझा, मरळही मलाच लागलेली — आणि तिथंही तिनं ऐकलं ते दत्ताचंच.