पुलाचा दगड

आमच्या ओढ्याकाठी एक संगमरवरी कोनशिला आडवी पडली आहे. पुलाच्या भूमिपूजनाला आमदारसाहेबांचं नाव कोरून ती बसवली होती. पूल झालाच नाही. आता बायका तिच्यावर धुणं धुतात.

काल सखूमावशी एकटीच धूत होती. धोपाटणं डोक्यावर उचलून ती असं हाणत होती, की खाली जिवंत माणूस आहे असं वाटावं. दर तडाख्याला साहेबांच्या कोरलेल्या नावावरून पाणी उडत होतं. लुगडं फाटलं, तरी ती थांबेना. गेल्या पावसाळ्यात तिच्या थोरल्या सुनेला बाळंतपणासाठी खाटेवरून पलीकडे नेत होते. याच ओढ्यानं तिला खाटेसकट ओढून नेलं.

तिच्या बोटावर मतदानाची शाई ताजी होती. मला राहवलं नाही. "मावशी, मत कुणाला दिलंस?"

"ह्यालाच." तिनं नावावर आणखी एक हाणला. "पूल बांधतो म्हणाला."

"परत?"

"दुसरा तर पुलाचं नावसुद्धा काढत नव्हता, बाबा. धाकट्या सुनेला सातवा महिना लागलाय."

लोक आश्वासनांना भुलतात, असं मी घरी बसून तावातावानं बोलत आलो. भुलत नाहीत. ज्याला पलीकडे जायचंच आहे, त्याच्या मानगुटीवर आश्वासन चढून बसतं.

मावशीनं मान मुरगळावी तसं लुगडं पिळलं. मग साबणाचा फेस धुऊन तिनं साहेबांचं नाव स्वच्छ केलं.

"ह्या खेपेला पूल नाही झाला, तर त्याला ह्याच दगडावर उभा करीन," ती म्हणाली. "पाणी चढेपर्यंत."