चादरीचं दुसरं टोक

लाँड्रीत तिला सगळे घडीबाई म्हणत आणि तिच्या नवऱ्याला घडीसाहेब. हॉटेलांच्या मोठ्या चादरी एकट्याने घडी करायच्या नसतात. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, टोकं धरून चादर ताणायची, मग चालत जवळ येऊन कोपऱ्याला कोपरा भिडवायचा. या दोघांचा उभा संसार असा चादरीच्या दोन टोकांना झाला. सकाळी कडाक्याचं भांडण झालं तरी चादर त्यांना जवळ आणायचीच, त्यामुळे अबोला दुपारपर्यंतसुद्धा टिकत नसे.

घड्या करताना दोघं येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणत, एक ओळ तिची, एक त्याची. यंत्रांच्या गोंगाटात शब्द ऐकू येत नसत, म्हणून आपली ओळ म्हणताना तो चादरीला हिसका देई. "देवाला ऐकू जातं, तुला हिसक्याने कळतं," असं त्याचं म्हणणं. तुझ्या मनासारखं होऊ दे, ही ओळ तिच्या वाट्याची. त्यानंतरची, रोजची भाकर मागायची, त्याची. "देवावर सोडून द्यायचं काम तुझं आणि जेवायचं माझं!" तो हसायचा.

मग त्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. तो दिवसभर भिंतीकडे बघत पडून राही. त्याला काही कळतं का, हे डॉक्टरही छातीठोक सांगेनात.

तिने काय काय करावं? त्याला भरवणं, पुसणं, कूस बदलणं, नि वर लाँड्री. तिथे ती चादरीचं एक टोक नळाच्या पाइपाला बांधून एकटीच घड्या करी. पाइप टोक धरून ठेवतो, पण ओढत नाही. एकदा भरवलेला घास त्याने थुंकला, तेव्हा ती त्याच्यावर वाट्टेल तशी ओरडली आणि मग मोरीत जाऊन रडली. चर्चमधले लोक भले, पण बोलायला काय जातं! "देव परीक्षा पाहतोय," म्हणाले. "परीक्षा कळली हो, निकाल कधी लागणार?" तिने विचारलं. पाळकसाहेब हसले, ती हसली नाही.

प्रार्थना तिच्याच ओळीपाशी अडायची. देवाच्या मनासारखं म्हणजे हेच का? तिला पटत नव्हतं, आणि खोटंच बोलायचं तर देवाशी कशाला?

शेवटी नणंदेने दूरचं एक शुश्रूषागृह शोधलं. बाई मायेची, पण तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "वहिनी, तो आता कुणाला ओळखत नाही. तू तरी जग. रविवारी मी गाडी घेऊन येते."

घडीबाईला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. त्याला कळत नसेल तर ती उगाच झिजत होती. पण कळत असेल तर? जित्याजागत्या माणसाला टाकून दिल्यासारखंच होतं ते.

रविवारी नणंद बाहेरच्या खोलीत त्याचे कपडे बॅगेत भरत होती. घडीबाईने त्याची धुतलेली चादर दोरीवरून काढली आणि लांबीला दुमडली. घरात टोक बांधायला पाइप नव्हता. सवयीनेच तिने ते त्याच्या डाव्या हातात दिलं, दुसरं टोक धरून पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि प्रार्थना पुटपुटू लागली. आपल्या ओळीपाशी आली तशी थांबली. तिने हात टेकले होते.

"मला नाही जमत आता," ती म्हणाली. "तुझ्या मनासारखं होऊ दे."

चादर हलली.

सुटली असेल हातातून, तिला वाटलं. तिने पाहिलं, तर त्याची मूठ घट्ट होती. भाकरीची त्याची झाली होती; पुढची ओळ तिची, क्षमा मागायची. ती म्हणताना तिला त्याच्यावर ओरडल्याचं आठवलं. मग तिने आपलं टोक ताणून धरलं. या वेळी असा हिसका बसला की ती पलंगावर आदळता आदळता वाचली. त्याचं तोंड अजून भिंतीकडेच होतं, आणि उशी गालाखाली ओली झाली होती.

"वहिनी, काय झालं?" बॅग घेऊन नणंद दारात आली.

"कपडे परत कपाटात ठेवा, ताई," घडीबाई म्हणाली. तिने हातातलं टोक सोडलं नाही. "आमचं आमेन व्हायचंय अजून."