रोंडानं वर केलेला हात

रोंडा बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगते. आमच्या बेटावर अडल्यानडल्याला तिच्याइतकं धावणारं दुसरं कुणी नव्हतं. पण समोरच्याला न आवडणारं काही सांगायची वेळ आली की हिची दातखीळ बसायची, आणि त्या एका खोडीपायी तिनं नोरीनचं, म्हणजे सख्ख्या मैत्रिणीचं, नुकसान केलं.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यापासून बोटीनं दीड तासावर आमचं बेट. हिवाळ्यात माणसं बेचाळीस, शाळेत पोरं तीन. दोन रोंडाची, एक नोरीनची टेस. आमची शाळा आठवीपर्यंतच; रोंडाचा थोरला आठवीत गेला तशी पुढच्या शिक्षणाची चिंता लागली, आणि रोंडानं नि तिच्या नवऱ्यानं, क्लेटननं, फेब्रुवारीतच ठरवलं, की उन्हाळा संपता संपता किनाऱ्यावर राहायला जायचं. घरही बघून ठेवलं. जा ना बाई, कोण अडवतंय! पण तिची दोन गेली की शाळेला टाळं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून ती गप्प बसली.

मार्चमध्ये गावसभा भरली. आमच्याकडे रस्त्यावरच्या खड्ड्यापासून सगळं हात वर करून ठरतं. "पुढल्या वर्षी शाळा चालू ठेवायची ना?" असं विचारल्याबरोबर सगळ्यांच्या माना रोंडाकडं वळल्या. आणि हिनं केला की हात वर! क्लेटननं बाकाखालून तिच्या पायावर बूट दाबला, तरी खाली घेईना.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" घरी जाताना तो म्हणाला.

"सगळे बघत होते रे. उद्या सांगते नोरीनला."

दुसऱ्या दिवशी नोरीनच दारात हजर, हातात गरम मफिन. किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमात तिला स्वयंपाकाची नोकरी मिळत होती, राहायला खोलीसकट. सभेचा निकाल लागेपर्यंत तिनं उत्तर थांबवून ठेवलं होतं.

"कळवून टाकलं त्यांना, नाही येत म्हणून," ती खुर्ची ओढत म्हणाली. "शाळा राहिली, तू आहेस, मग मी कशाला मरायला जाऊ तिकडं?"

आता तरी बोलावं की नाही माणसानं? त्याच दिवशी फोन केला असता तर नोकरी परत मिळालीही असती. रोंडानं मफिनला लोणी लावलं.

सांगितलं ते जुलैच्या शेवटी, तेही सामान बांधायची वेळ आली तेव्हा. नोरीन अंगणात कपडे वाळत घालत होती. तिनं एवढंच विचारलं, "हात वर केलास, तेव्हा ठरलेलं होतं?"

"होतं."

"बरं," म्हणाली, आणि रिकामी बादली उचलून आत गेली. त्यानंतर तीन आठवडे एक शब्द नाही. रोंडा रोज तिच्या दारापर्यंत जायची नि परत यायची. रडायचीसुद्धा चोरून, कारण रडायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटायचं. आणि खरंच नव्हता.

बेट कायमचं सोडून जाणाऱ्याला निरोप द्यायची आमची एक रीत आहे. बोट सुटली की धक्क्यावरची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी समुद्रात उड्या घेतात. रोंडाला ते नको होतं. म्हणून तिनं मंगळवारची सकाळ निवडली, सगळे समुद्रात शेवंडी पकडायचे पिंजरे ओढायला गेलेले असताना.

धक्का रिकामाच होता. बोट सुटली आणि नोरीन टेसचा हात धरून उतारावरून धावत आली. टोकाला पोचल्याबरोबर दोघींनी उडी घेतली, त्या बर्फासारख्या पाण्यात. नोरीननं डोकं वर काढलं, पण हसली नाही. नुसता हात हलवला.

रोंडाची पोरं नाचायला लागली. धाकटी म्हणाली, "आई, त्यांचा राग गेला!"

"नाही गं, राग नाही गेला," रोंडा म्हणाली.

शाळा बंद झाल्यावर नोरीनलाही टेसला घेऊन बेट सोडावं लागणार होतं, या वर्षी नाही तर पुढल्या. त्या दिवशी उडी मारायला धक्क्यावर आपण नसणार, हे रोंडाला तिथं, बोटीच्या कठड्याला धरून उभं असताना कळलं.