स्वयंपाकघरासाठी टाच

आईचा नवा पाय इंपोर्टेड आहे, हे दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीत गेटवरच्या गार्डपासून चौथ्या मजल्यावरच्या कर्नलसाहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेरच्या मालाचं तेव्हा नवं नवं कौतुक होतं. एखाद्याकडे परदेशी टीव्ही आला की बघायला जावं तसे लोक आईचा पाय बघायला येत, चहा पीत, 'वाह, क्या टेक्नॉलॉजी है' म्हणत आणि जात. हा पाय चालतो का, असं मात्र कुणी विचारत नसे. तो चालत नव्हता.

मधुमेहाने आईचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, तेव्हा ती सोलापुरात एकटी राहत होती. मी तिला दिल्लीला आणलं. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई ती. दुसऱ्याने वाढून आणलेलं ताट मांडीवर घेऊन पलंगावर जेवायचं याचा तिला इतका अपमान वाटे, की अर्धी पोळी तशीच राहायची. तिची मागणी एकच होती. "मला ओट्याशी उभं राहून माझी भाकरी मला करता आली पाहिजे. बाकी कुठे नाही गेले तरी चालेल."

पाय दोन प्रकारचे मिळत होते. एक मोफत शिबिरात मिळणारा, साधा, रबरी पंजाचा. तो लावून लोक अनवाणी शेतातसुद्धा जातात असं ऐकलं होतं. दुसरा दक्षिण दिल्लीतल्या एका एसी सेंटरमध्ये, कॅटलॉगमधून निवडायचा. अमेरिकेतल्या माझ्या भावाने फोनवरूनच निकाल देऊन टाकला, की शिबिरातला पाय आपल्या आईला नको. मलाही ते पटलं. नोएडातल्या ऑफिसात मी दिवसभर गिऱ्हाइकांना लेटेस्ट व्हर्जन घ्या म्हणून गळ घालत होते. मग आईसाठी जुनं कसं घ्यायचं?

सेंटरवर पाय बसवून देणारे फिटरसाहेब बोलायला मोठे गोड. कार्बनचा पंजा हातात वाकवून दाखवत म्हणाले, की पाऊल टाकलं की हा ताकद परत देतो. आई मला म्हणाली, "ताकद राहू दे. अनवाणी चालता येईल ना, ते विचार त्यांना." मी विचारलं. "सब कुछ कर सकती हैं माताजी, डान्स भी," ते म्हणाले. आई माझ्याकडे बघत राहिली. तिला डान्स करायचा नव्हता.

पायाबरोबर त्याचा लवाजमा आला. आतून घालायचा सिलिकॉनचा मोजा, त्यावर घालायच्या लोकरी मोज्यांचे जाड-पातळ जोड, अंघोळीच्या वेळी चढवायची प्लास्टिकची पिशवी, आणि वरून ओढायचं फोमचं आवरण. त्या आवरणाचा रंग गुलाबी. आई सावळी. "मडमेचा पाय लावलाय मला," ती म्हणाली आणि त्यावर नऊवारीचा काठ ओढून घेतला. भाऊ अमेरिकेहून दर महिन्याला पार्सल पाठवायचा. एकदा पायाला बांधायचा गादीचा पट्टा, एकदा पाय ठेवायची चेनची बॅग. पायाला बॅग आली, चाल काही आली नाही.

खरी चीड यायची ती वेगळ्याच गोष्टीची. सेंटरवर आई चालत होती. तिथे तिला कॅनव्हासचे स्पोर्ट्स शूज घालून दोन दांड्यांच्या मधून चालवत, आणि चौथ्या खेपेला तिने दांड्या सोडल्यासुद्धा. पण घरी आलं, की दारात बूट काढले, आणि दोन पावलांत तिची पाठ भिंतीला. "मागे ओढल्यासारखं होतंय गं," ती म्हणायची. पहिल्या दिवशीही हेच म्हणाली आणि तिसऱ्या महिन्यातही हेच. नोएडाहून चार्टर्ड बसमध्ये दोन तास उभं राहून मी घरी यायचे, आणि हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. तिथे जमतं ते इथे का जमत नाही? भाऊ फोनवर म्हणे, तिची मनाची तयारी नाही, कौन्सेलर बघ. शेजारणी म्हणत, "हिम्मत रखो आंटी." एका संध्याकाळी मी तिला म्हणाले, "तुला चालायचंच नाहीये. आमच्याकडून करून घ्यायची सवय लागलीय तुला."

हे मी आईला म्हणाले. सवय, आणि तीही तिला. तिने पाय काढला, भिंतीशी उभा केला आणि अंगावर पांघरूण ओढून पडून राहिली.

पुढच्या खेपेला ती दांड्यांमधून चालत असताना फिटरसाहेबांनी मला टेबलापाशी बोलावून विचारलं, "घर में प्रॅक्टिस करती हैं?" मी म्हटलं, नाही, हिंमतच करत नाहीत. त्यांनी फाइलमध्ये इंग्रजीत ते लिहून घेतलं, पेशंटची इच्छाशक्ती कमी, घरी सराव नाही, आणि खाली नातेवाइकाची सही म्हणून पेन माझ्यापुढे धरलं. मी सही केली. मला बस पकडायची होती.

त्यानंतरच्या रविवारी मी आमटीला फोडणी देत होते, तेवढ्यात बाथरूमच्या दारातून हाक आली. "गॅस बंद कर आणि इकडे ये." आमच्या बाथरूमच्या दारात, पाणी बाहेर येऊ नये म्हणून, दोन बोटं उंचीची संगमरवरी पट्टी होती. आई दाराबाहेर तोंड करून उभी होती. कार्बनच्या पायाची टाच पट्टीवर, चवडा खाली फरशीवर. दोन्ही हात मोकळे. काठी नाही, भिंत नाही.

"बघ," ती म्हणाली. "मागची बाजू उचलली की मी सरळ होते. बुटात जे आहे ते इथे नाही."

मी दारातून तिचा बूट आणला आणि आत हात घातला. टाचेखाली जाड थर, चवड्याखाली पातळ. पाय त्या बुटाच्या मापाने बसवलेला होता. खरा पाय घोट्यात वाकतो, तसा हा पंजा वाकत नाही. बूट काढला की टाच खाली जायची आणि आख्खी आई मागे कलायची. सेंटरमध्ये बूट काढायला तिला कुणी सांगितलं नाही, आणि घरात बूट पायात ठेवायचं आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. दारात पायताण काढायला आपल्याला विचार थोडाच करावा लागतो! मी तिथेच फरशीवर बसले. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आई म्हणाली, "बसू नकोस. फोन कर त्यांना."

फोनवर साहेब जराही डगमगले नाहीत. "तो घर में भी जूते पहनाइए न, आजकल सब पहनते हैं." मी म्हटलं, बूट घालून चुलीपाशी? नैवेद्य तिथे होतो. ते म्हणाले, पाय अनवाणी मापाला बसवून देतो, पण मग बाहेर बूट घालता येणार नाहीत. टाच वर-खाली करता येणारा पंजाही असतो, मागवायला तीन महिने लागतील. भावाने तर लगेच त्याचा मॉडेल नंबर शोधला. मी फोन ठेवला. आणखी तीन महिने आईने पलंगावर जेवायचं, हे माझ्याच्याने बघवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून करोल बागेत गेले, गाड्यांच्या सामानाच्या गल्लीत. पायपुसणी आणि सीटकव्हरं विकणाऱ्या एका सरदारजींपुढे आईचा बूट ठेवला आणि जाड रबर मागितलं. "कौन सी गाड़ी?" त्यांनी विचारलं. "गाड़ी नहीं है, माँ है," मी म्हटलं आणि सगळी हकिगत सांगितली. त्यांनी बूट उलटासुलटा करून बघितला, आत बोट घालून माप घेतलं, मॅटचे चार तुकडे एकावर एक चिकटवले आणि मशीनवर घासून पुढच्या बाजूला उतार दिला. "ढलान आगे जाकर ख़त्म होनी चाहिए, नहीं तो माताजी अटकेंगी." एवढं मला तीन महिन्यांत कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या शिंप्याने त्यावर जाड खादीची, पंजावर चढवायची इलॅस्टिकची पिशवी शिवून दिली.

घरी आईने ती हातात घेऊन तपासली. उलटी केली, हुंगली. हिने याला चप्पल ठरवलं तर सगळंच मुसळ केरात. "चामडं नाही," ती शेवटी म्हणाली. "कापड आहे. रोज धुता येईल. चालेल."

त्या दिवशी तिने भाकरी थापल्या. दोन्ही तळव्यांनी, ओट्यावर पुढे झुकून, एकदाही मागे न जाता. पहिल्या दोन करपल्या. तिसरी फुगली, ती तिने माझ्या ताटात टाकली आणि आपलं ताट घेऊन टेबलाशी येऊन बसली. मी काही बोलायला गेले तर म्हणाली, "गार होतंय, जेव."

महिन्याभराने सेंटरवर गेलो. आई बूट काढून, खादीची टाच चढवून, दांड्यांना हात न लावता या टोकापासून त्या टोकाला गेली. फिटरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. "देखा माताजी, हिम्मत आ गई न!"

आईचं हिंदी बेताचंच. पण ती थांबली आणि नीट जुळवून म्हणाली, "हिम्मत पहले से थी. एड़ी नहीं थी."

मग टेबलापाशी जाऊन तिने फाइल मागितली. चष्मा लावला आणि बोट फिरवत एकेक ओळ वाचली. मला पळून जावंसं वाटत होतं. तिचं बोट थांबलं.

"सही तुझी आहे," ती म्हणाली.

"हो."

तिने पर्समधून पेन काढून माझ्यापुढे धरलं. "खोड. आणि खाली बरोबर काय ते लिही."

मी ती ओळ खोडली. फिटरसाहेब घड्याळ बघायला लागले. शेवटी मी मराठीतच लिहिलं: पेशंट पहिल्या दिवसापासून सांगत होती, मुलीने ऐकलं नाही. त्याखाली सही केली.

आईने ते वाचलं आणि फाइल मिटून त्यांच्याकडे दिली. "चल," ती मला म्हणाली, "ज्वारीचं पीठ संपलंय, जाताना घेऊ."