हळू ये रे, सुई उडते

परतवाडा-अमरावती रोडवर माह्यासारखी बिनागचक्याची काळी-पिवळी चालवणारा माणूस अजून पैदा व्हायचा हाये. पण तोच मी गाडीतून उतरून खालाच्या माळ्यावर चढलो, का तिच्या रेकॉर्डवरची सुई अर्धं गाणं ओलांडून पल्याड जाऊन पडे.

खाला आमच्या गल्लीतली. उर्दू शाळेत मास्तरीण होती, मग रिटायर झाली. माह्या मायची अन् तिची भिंतीवरून भाजी देवाणघेवाण, म्हणून मी तिले मावशी मानून खाला म्हणो अन् ती मले गजा. शाळेत मी गेलो नाही असं नाही. गेलो होतो, छपरावर पत्रे टाकायले. तवा खाला खालून म्हणे, "गजा, आतमधी पोरं शिकून राहिले, तू वरून आकाश पाडून राहिला."

तिच्या घरात खाली सरकीचं गोदाम अन् वर सागाच्या फळ्यांचा माळा. त्या माळ्यावर एका स्टुलावर तिची रेकॉर्डची मशीन. खाला त्या फळ्याईवरून अशी चाले, जशी का खाली कोणी निजलं हाये. अन् दुसऱ्या कोणाचा पाय पयल्या पायरीवर पडला का वरून आवाज ये, "हळू ये रे, सुई उडते!" मांजरीलेही हेच. पोस्टमनलेही हेच. मले मात्र जरा जास्त, "बाळंतिणीच्या खोलीत येते तसा ये, गजा. वरातीत आल्यासारखा नोको येऊ."

तिनं लग्न केलं नव्हतं. कोणी इचारलं तर म्हणे, "घरात दुसरा माणूस आला का सुई उडते." बायका पदराआड हसत. माह्या मायले हे काही पटे नाही, पण खालाचं तोंड कोण धरन? लोकं म्हणत, मोबाईलवर ऐक ना खाला, काही उडत नाही, काही नाही. तर म्हणे, "मोबाईलवर कोणाचंही कोणतंही गाणं लागते. हे मी हातानं उचलते, पुसते, ठेवते. याले माह्यी वळख हाये."

मंग तिचे कान जायले लागले. तिले अमरावतीले डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो होतो. बाहेर आली, माह्या बाजूच्या सीटवर बसली, ओढणी नीट केली अन् म्हणाली, "डावा गेला. उजवा सामान बांधून राहिला." मी हसलो. मले वाटलं ती हसवून राहिली. चांदूर बाजारचा फाटा येईपर्यंत ती एकदा डावा कान झाके, एकदा उजवा, तवा मले समजलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं ठरवलं, उजवा कान निघायच्या आत सगळ्या रेकॉर्डा एकेकदा नीट ऐकून घ्यायच्या. रोज असरची, तिसऱ्या पहराची नमाज झाली का एक. शेवटाले तिनं तिच्या अब्बानं आणलेली कव्वालीची रेकॉर्ड ठेवली होती. बिर्याणीतली बोटी लोकं ठेवतात ना मागं, तशी. पण आता सुई उडणं परवडे नाही. उडाली का नुसतं गाणं तुटत नाही, रेकॉर्डवर ओरखडा पडते, अन् मंग दरखेपी तिथंच ठेच लागते. खाला म्हणे, "उडालेला तुकडा मले मनातल्या मनात शिवून घ्या लागते. आता सुईत धागाही दिसत नाही."

मी छाती ठोकली. म्हणलं, "खाला, आपला धंदाच गचक्याईचा हाये. तू फकत पाह्य."

पयले मी जीपच्या जुन्या सीटचा फोम काढून मशीनखाली घातला. मशीन त्यात म्हशीवानी रुतली, एका अंगानं कलली, अन् गाणारा दारू पिल्यावानी वाटायले लागला. मंग दोर बांधून फळी आढ्याले टांगली, पाळण्यासारखी. खिडकीतून वारा आला का मशीन चालली झोके घेत. खाला म्हणे, "गजा, आता गाणं ऐकू का अंगाई म्हणू?"

शेवटी डोक्यात उजेड पडला. रिकामी जीप उडते, भरलेली बसते, हे कोणताही डायवर सांगन. मी टायरची ट्यूब अर्धी हवा भरून स्टुलावर ठेवली, तिच्यावर चांगली जाड फरशी, अन् फरशीवर मशीन. खाला चालून गेली, सुई हालली नाही. माह्यी माय चालून गेली, हालली नाही. मीही चोरपावलानं गेलो, तरी गाणं सुरूच. खालानं माह्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "अल्ला कधी कधी तुह्या डोक्यात हवा भरते रे, पण मापात भरते."

तेवढ्यावर थांबलो असतो तर आज परतवाड्याच्या स्टॅन्डवर मी मान वर करून फिरलो असतो.

पण मी स्टॅन्डवर सांगत सुटलो, का असं यंत्र बनवलं, वर हत्ती नाचला तरी सुई उडत नाही. डायवर लोकं म्हणे, दाखव. नेमकं त्याच दिवशी खालानं अब्बाची कव्वाली लावली होती. मी दोघाले घेऊन वर गेलो. खाला जमिनीवर बसली होती, उजवा कान मशीनकडे, डोळे मिटलेले. हातानंच खूण केली, बसा. ते दोघं बसले. मी नाही बसलो. मी म्हणलं, "पहा आता!"

खालानं डोळे उघडले. "गजा, बस खाली."

अन् मी उडी मारली.

फळ्या वाकल्या, फरशी ट्यूबवर अशी उसळली का मशीनचा हात उचलला गेला अन् सुई काठापासून मधापर्यंत ओढत गेली. तो आवाज मी सांगत नाही. पत्रा कापताना येते, तसा. डायवर लोकं आधी हसले, मंग खालाचं तोंड पाहून खाली पाहायले लागले. मशीनची जीप मी बराबर बांधली होती, भाऊ. गचक्याचा रस्ताच मी होतो, हे ध्यानात नाही आलं.

खाला उठली. सुई उचलली, ओढणीच्या टोकानं रेकॉर्ड पुसली, कव्हरात घातली. त्या दोघाले म्हणाली, "चा घेता का?" मले नाही इचारलं. शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवलो तरी असतो.

स्टॅन्डवर माह्यं नाव पडलं, हत्ती. अजूनही कोणी सवारी इचारते, अमरावती जाते का, तर मागून आवाज येते, "हत्तीच्या गाडीत बसा, पण माळ्यावर नोका नेऊ." मी सगळ्याईच्या आधी हसतो. आपणच आधी हसलं का दुसऱ्याचं हसणं कमी लागते.

त्या हिवाळ्यात उजवाही कान गेला. अन् मंग मले अक्कल आली. नांदगावच्या एका गवंड्याले जीपमधून नेत होतो, त्याले सहज ही गोष्ट सांगतली. तो म्हणे, "येड्या, जमिनीवर काहून ठेवली? भिंतीत फळी ठोक. जमिनीवर कोण नाचते ते भिंतीले काय मालूम?" दुसऱ्याच दिवशी मी दगडी भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकले, त्यावर फळी, त्यावर मशीन. मी मुद्दाम पाय आपटून पाह्यलं. सुई जागची हालली नाही. खालानं पाह्यलं, मान डोलावली अन् त्या फळीवर पंजा ठेवून बसली. ऐकू तर काहीच येत नव्हतं.

पण मी पायऱ्या चढलो का तिले समजे. पाठमोरी असली तरी म्हणे, "गजा आला." सागाच्या फळ्या सांगत. मंग मी टाचा उचलून यायले लागलो. मले वाटे, तिनं ते पाय वळखले का तिले तो दिवस आठवत असन.

पुढं तिची भाची शबाना तिले अकोल्याले घेऊन गेली. मीच सोडून दिलं. रेकॉर्डा गोधडीत गुंडाळून तिच्या मांडीवर, मशीन मागच्या सीटवर. मी येवढी हळू चालवली का अकोटच्या रस्त्यानं ट्रॅक्टरवाले आमाले मागं टाकून हात दाखवत गेले. खाला खिडकीतून त्याईले सलाम करे.

सहा-सात महिने मी तिकडे फिरकलोच नाही. अकोल्याची सवारी आली तरी दुसऱ्याच्या गाडीत बसवो. बायको म्हणे, "काहून तोंड लपवतं? जाऊन माफी माग अन् मोकळा हो." गेल्या महिन्यात गेलो. रस्ताभर माफीचं भाषण घोकत गेलो. आयुष्यात पयल्यांदा काही पाठ केलं.

शबानाचं घर खालच्या मजल्यावर, टाइल्सचं. खाला दारात पाठ करून मेथी निवडत बसली होती. मी तिच्यामागं उभा राहिलो. हळूच पाय आपटला. टाइल्सले काही फरक नाही, खालालेही नाही. शबाना म्हणे, "भाऊ, पुढं जा अन् उजव्या कानात जोरात बोला. ओरडलं तर थोडंसं जाते कधी कधी."

मी समोर जाऊन वाकलो. घोकलेलं भाषण एका शब्दानंही आठवेना. मी ओरडलो, "खाला, माफ कर! अब्बाची रेकॉर्ड मी खराब केली! तुले शेवटचं ऐकू नाही दिलं!"

समोरच्या घरची बाई बाहेर आली. सायकलवाला थांबला. आख्ख्या गल्लीनं ऐकलं, फकत खालानं ऐकलं का नाही ते समजेना. माह्या डोळ्यात पाणी, अन् ती मेथीची काडी हातात धरून माह्या तोंडाकडे पाहून राहिली.

मंग म्हणाली, "येवढ्यासाठी परतवाड्याहून डिझेल जाळत आला? ती कव्वाली मले लहानपणापासून पाठ हाये, रोज म्हणते मी मनात. तुह्या एका उडीनं माह्यं गाणं बंद पडन, येवढा मोठा नाही झाला तू, गजा. सरक तिकडं, मेथीवरचा उजेड अडवून राहिला."