गज खालून धरायचा

आमच्या बोरिवलीच्या इमारतीतल्या काकू गोरेगावच्या स्टुडिओत व्हायोलिन वाजवत. पन्नाशीत त्यांनी व्हायोल शिकायला घेतला. युरोपातलं हे जुनं दरबारी वाद्य गुडघ्यांत धरतात आणि गज खालून, तळवा वर करून. व्हायोलिनच्या सवयीनं त्यांचा हात उलटा व्हायचा. मग त्या हातालाच म्हणत, "मेल्या, परत पहिल्यापासून."

"हे राजांच्या चोचल्यांचं संगीत कशाला?" मी कामगार संघटनेची पत्रकं वाटता वाटता भांडलो.

"राजे मेले रे. सूर काय त्यांच्या बापाचे?"

गणपतीत एक अख्खी रचना वाजवायचीच, असं त्यांनी ठरवलं होतं. मंडपात अर्ध्यावर हात उलटा झाला. कोणाला कळलंही नाही. उलट मागून कोणीतरी म्हणालं, "काकू, सिनेमातलं वाजवा ना."

काकू थांबल्या. तळवा पदराला पुसला, "मेल्या," म्हणाल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं.