अप्पांचं तरुण रक्त

रक्त काढणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात. दंडाला पट्टा आवळला की माणूस बोलू लागतो, आणि सुई दिसली की थापा मारू लागतो! हुबळीत एका हार्टच्या डॉक्टरांकडे मी वीस वर्षं टेक्निशियन होतो. माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. डॉक्टरांनी एका प्रयोगासाठी साठीपुढचे बारा हार्ट पेशंट धरले. सहा महिने रोज चालायचं, मीठ कमी, तळलेलं बंद. सुरुवातीला आणि शेवटी रक्त तपासायचं. साखर किती, आतली सूज किती, म्हातारपणाच्या खुणा वाढल्या की उतरल्या?

पहिल्याच दिवशी जुन्या हुबळीतले कापडवाले बसप्पा अडले. "तीन नळ्या कशाला?"

"वेगवेगळ्या टेस्ट असतात, अण्णा."

"असं होय! मग तपासून उरलेलं परत द्यायचं की!"

त्यांच्यामागे वकीलसाहेब. त्यांनी नळीच्या लेबलावर आडवी सही ठोकली. "उद्या माझ्या नावावर बसप्पाचं कोलेस्टेरॉल नको!"

एका संध्याकाळी उणकलच्या तळ्याजवळ मिरची भजीच्या गाडीवर मला बाराच्या बारा पेशंट सापडले. सगळ्यांच्या हातात कागद, कागदात भजी. प्रत्येकजण म्हणाला, "मी बाकीच्यांवर नजर ठेवायला आलोय!"

खरी पंचाईत अप्पांची. अप्पा म्हणजे धारवाडचे रिटायर्ड हेडमास्तर. पुण्याच्या मुलाने बजावलं होतं, "शेवटचा रिपोर्ट वाईट आला तर घराला कुलूप, दोघं माझ्याकडे!" अप्पांना धारवाड सोडायचं नव्हतं. त्यांच्या बायकोला, अक्कांना, तर मुळीच नाही.

डॉक्टरांनी सगळ्यांना कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र दिलं होतं. अप्पा सगळ्यांत पुढे! वकीलसाहेबांना शंका आली. "माझ्या घरचा जिना चढताना धापा टाकतो, हा कसला चालतोय?" त्यांनी पाळत ठेवली. तळ्याकाठी अप्पा बाकावर पेपर वाचत होते आणि अक्का यंत्र कमरेला खोचून फेऱ्या मारत होत्या!

अप्पा शांतपणे म्हणाले, "यंत्र माझंच आहे ना?"

शेवटच्या तपासणीला मुलगा मुद्दाम पुण्याहून आला. अप्पा-अक्कांना आत घेऊन मी पडदा ओढला. बाहेर आलो तेव्हा त्याने मला गाठलं.

"रक्त नीट काढलंत ना?"

"माझ्या हाताने काढलंय, साहेब!"

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. साखर उतरलेली, सूज नाही, म्हातारपणाच्या खुणा निम्म्यावर! मुलगा खूश. अप्पांच्या पाया पडून तो दुपारच्या गाडीने पुण्याला परतला.

डॉक्टरांनी मग अप्पा-अक्कांना समोर बसवून दार लावून घेतलं. अप्पांचे दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला आणि सगळ्यांत वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"चालण्याने रक्त तरुण होतं हे मला ठाऊक होतं, अप्पा. पण रक्तगट बदललेला मी पहिल्यांदाच बघतोय!"

अक्कांनी हळूच पदर कोपरापर्यंत ओढून घेतला.